पांढरी टोपी घातली, तरी सावली कडकच का?

वाचकांचे प्रश्न : कार्यक्रमांची फोटोग्राफी

लग्नसराई तोंडावर आली की फ्लॅशच्या तक्रारी सुरू होतात. या वेळी खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांतून एकच गाऱ्हाणे वेगवेगळ्या शब्दांत आले आहे : डिफ्यूझर (फ्लॅशचा प्रकाश मऊ करण्यासाठी लावायची टोपी) लावला, पण फोटोत फरक पडला नाही. पहिले उत्तर त्यामुळे जरा लांबले आहे. पुढची बरीचशी उत्तरे त्याच्यावरच उभी आहेत, म्हणून ते आधी वाचावे.

थंडीत शेतावर भरीत पार्ट्यांच्या ऑर्डरी असतात. फ्लॅशवर पांढरा प्लास्टिकचा डोम लावतो आणि फ्लॅशचे डोके ४५ अंशांवर ठेवतो. तरीही नाकाची सावली गालावर कापल्यासारखी पडते, कपाळ चमकते आणि दीड-दोनशे फोटोंत सेल बसतात. डोम हलक्या प्रतीचा असेल का? — एक वाचक, जळगाव

डोम चांगलाच असेल. जागा त्याच्या कामाची नाही.

प्रकाश मऊ कशाने होतो, तर ज्या पृष्ठभागावरून तो येतो त्याच्या आकाराने. चेहऱ्याच्या जागी डोळा ठेवून दिव्याकडे पाहिले तर तो केवढा दिसतो, एवढेच महत्त्वाचे. फ्लॅशची काच साधारण ३ इंच रुंद आणि दीड इंच उंच असते. त्यावर पांढरी टोपी चढवली तरी प्रकाशाचा उगम जवळपास तेवढाच राहतो. ७ फुटांवरून पाहणाऱ्याला तो ठिपकाच दिसतो, आणि ठिपक्यातून आलेल्या प्रकाशाची सावली कडक पडणारच.

मग डोम करतो काय? तो प्रकाश चहूकडे उधळतो. बंद खोलीत हा उधळलेला प्रकाश छताला आणि भिंतींना लागून परत येतो. त्या वेळी भिंत हाच मोठा दिवा झालेला असतो, म्हणून फोटो मऊ येतो. श्रेय भिंतीचे असते, नाव डोमचे होते. शेतात वर आकाश, बाजूला तूर किंवा कपाशी. उधळलेला प्रकाश गेला तो गेलाच. समोर जेवढा पोहोचतो त्यावर भागवण्यासाठी फ्लॅशला चौपट जोर लावावा लागतो. तुमचे सेल तिथे संपतात.

शेतावर डोम काढून ठेवा. त्याऐवजी यांपैकी एक :

फ्लॅशच्या डोक्यावर बसणारा घडीचा छोटा सॉफ्टबॉक्स, ८ बाय १२ इंचांचा. त्याचे क्षेत्रफळ फ्लॅशच्या काचेच्या २० पटींहून जास्त भरते. पण तो ४-५ फुटांवरच उपयोगाचा आहे. १२ फुटांवर गेलात की तोही ठिपका होतो. जेवणाच्या पंगतीत एकेकाचे जवळून फोटो घ्यायला हा ठीक.

मदतनीस असेल तर याहून कितीतरी चांगला उपाय म्हणजे ३३ इंचांची पांढरी आरपार छत्री. छत्री, फ्लॅश आणि रेडिओ ट्रिगर (लांबचा फ्लॅश कॅमेऱ्यावरून बिनतारी उडवणारे यंत्र) एका हलक्या दांड्यावर बसवून मदतनिसाच्या हातात द्या. माणसापासून ४ फूट, डोळ्यांच्या पातळीपेक्षा हातभर वर आणि कॅमेऱ्याच्या एका बाजूला. फ्लॅशचा झूम २४ ते ३५ मिमीवर ठेवा, म्हणजे प्रकाश छत्रीभर पसरेल. झूम १०५ वर राहिला तर छत्रीच्या मधला वीतभर भागच उजळतो आणि छत्री असून नसल्यासारखी होते. ही चूक फार जण करतात.

आता जाळाचे. पऱ्हाट्यांवर वांगी भाजली जात असताना तो लाल उजेड फोटोत हवाच, नाहीतर भरीत पार्टी आणि गॅसवरचा स्वयंपाक यात फरक काय राहिला? आयएसओ १६००, एफ/३.५, शटर १/६० पासून सुरुवात करा. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो घ्या. जाळ आणि आजूबाजूचा थोडा अंधार बरोबर दिसला की मग फ्लॅश १/३२ ताकदीवर सुरू करा आणि लागेल तसा वाढवा. फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावली तर चेहरे जाळाच्या उजेडाशी जुळतात. जेल नसेल तर जाळ नारिंगी आणि माणसे निळसर पांढरी दिसतात.

धूर मात्र सांभाळा. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश धुराला समोरून लागला की फोटोवर पांढरा पडदा येतो. छत्री बाजूला नेली की तोच धूर छान दिसतो.

हळदीच्या फोटोंत सगळेच पिवळे-केशरी होतात. व्हाइट बॅलन्स बदलला की मागचे निळे पडते. छताकडे फ्लॅश मारतो. मांडव पिवळ्या-गुलाबी कापडाचा असतो. — अमळनेर

तुम्ही फ्लॅश मारता त्या कापडाचाच रंग खाली येतो. पांढऱ्या छतावरून पांढरा, गुलाबी कापडावरून गुलाबी. शिवाय चेहऱ्यावर हळद आणि अंगावर पिवळी साडी. चेहऱ्यावर कापडावरून आलेला रंगीत प्रकाश आणि मागच्या माणसांवर साधा प्रकाश, असे दोन रंग एका फोटोत आले की व्हाइट बॅलन्सची एक संख्या दोघांना कशी पुरेल?

मांडवात शिरल्याबरोबर एक चाचणी घ्या. पांढरा रुमाल कोणाच्या तरी हातात द्या, व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनवर पक्का करा आणि छताकडे फ्लॅश मारून एक फोटो काढा. रुमाल पांढरा आला तर बिनधास्त बाउन्स करा, म्हणजे फ्लॅश छतावर मारून प्रकाश परतवा. रंग चढला तर त्या मांडवात छताचा नाद सोडा.

मग आपले पांढरे आपल्याबरोबर न्यायचे. फ्लॅशच्या मागे पांढरे कार्ड (कसे करायचे ते पुढे दिले आहे), छोटा सॉफ्टबॉक्स किंवा छत्री. कार्ड वापरताना डोके सरळ वर असते, म्हणून बराच प्रकाश छताला जाऊन रंग घेऊन येतोच. डोके ६० अंशांवर पुढे झुकवा आणि कार्डही तेवढेच पुढे वाकवा, म्हणजे छताचा वाटा कमी होतो. छोटा सॉफ्टबॉक्स या बाबतीत सगळ्यात सुरक्षित, कारण त्याचा वरचा भाग काळा असतो.

हळदीत आणखी एक गोष्ट बिघडते, आणि ती कॅमेऱ्याच्या पडद्यावर पटकन दिसत नाही. पिवळ्या-केशरी रंगात लाल चॅनेल सगळ्यांत आधी भरतो. साध्या हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) सगळे ठीक दिसते, पण गालावरच्या हळदीचा पोत सपाट झालेला असतो. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम असेल तर तो लावून ठेवा. लाल उजव्या भिंतीला चिकटला की फ्लॅश पाऊण स्टॉप खाली आणा (१ स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा). लाल शालूच्या जरीलाही हेच लागू. रॉ फाइल घेत असाल तर थोडे सावरता येते, जेपेगमध्ये गेलेली जर परत येत नाही.

कार्यालयाचे छत पांढरे आहे, तरी बाउन्स केल्यावर फोटो अंधारे येतात. नवरदेवाच्या डोळ्यांत खड्डे दिसतात. फ्लॅश कमजोर आहे का? — धुळे

छत किती उंच आहे ते पाहा. हिशेब असा. तुम्ही माणसापासून ७ फुटांवर, फ्लॅश जमिनीपासून साडेपाच फुटांवर. छत १० फुटांवर असेल तर प्रकाश वर जाऊन चेहऱ्यापर्यंत येईतो सुमारे १२ फूट चालतो. छत १८ फुटांवर असेल तर साधारण २६ फूट. अंतर सव्वादोन पट झाले, पण प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे सुमारे ५ पट जास्त जोर लागतो. घरातल्या खोलीत आयएसओ ८०० आणि एफ/४ ला १/८ ताकदीत भागत असेल, तर त्याच सेटिंगला कार्यालयात निम्म्याहून जास्त ताकद लागेल. दोन-चार फोटोंनंतर फ्लॅश भरायला वेळ घेतो, तुम्ही बटण दाबता आणि अंधारा फोटो येतो.

आयएसओ ३२०० वर न्या. आजच्या कॅमेऱ्यांना ते जड नाही, आणि फ्लॅशचा भार पुन्हा चौथाईवर येतो. झूम हाताने ५० ते ७० मिमीवर ठेवा, म्हणजे प्रकाश छतापर्यंत एकवटून जातो. डोम लावून उंच छताला बाउन्स करू नका. तो एक ते दोन स्टॉप फुकट खातो.

डोळ्यांतले खड्डे वेगळ्या कारणाने येतात. प्रकाश थेट डोक्यावरून पडला की भुवईची सावली डोळ्यांवर येते. फेटा असेल तर कपाळही काळे होते. मुंडावळ्यांकडे नीट पाहा : त्या गालांच्या दोन्ही बाजूंना लोंबतात, आणि वरून एकाच दिशेचा प्रकाश आला की प्रत्येक सराची बारीक काळी रेघ गालावर उतरते. फोटो मोठा करून पाहिल्यावर चेहऱ्यावर ओरखडे असल्यासारखे वाटते. अल्बममध्ये तो फोटो पानभर छापला जातो, म्हणून ही बाब किरकोळ समजू नका.

उपाय दोन. एक, फ्लॅशमध्येच ओढून बाहेर काढायचे लहान पांढरे कार्ड असते ते वर करा. त्यामुळे थोडा प्रकाश थेट पुढे जातो, डोळ्यांत चमक येते आणि सावली फिकी होते. दोन, छत सोडून बाजूच्या भिंतीवर बाउन्स करा. भिंत पांढरी आणि १० फुटांच्या आत असेल तर खिडकीतून आल्यासारखा प्रकाश मिळतो. डोके तुमच्या मागच्या कोपऱ्याकडे, छत आणि भिंत जिथे मिळतात तिकडे वळवले तर आणखी चांगले. फक्त मागे उभ्या असलेल्या पाहुण्यांच्या डोळ्यांत फ्लॅश जाणार नाही एवढे बघा. जाड काळ्या फोमची ४ बाय ९ इंचांची पट्टी डोक्याच्या त्या बाजूला रबराने बांधली की ती अडचण मिटते.

अंतरपाटाचाही उपयोग करून घ्या. तो पांढरा असतो आणि वधू-वरांच्या तोंडासमोर दोन-तीन फुटांवर धरलेला असतो, म्हणजे हक्काचा रिफ्लेक्टर. तुम्ही नवरीच्या बाजूला असाल आणि फ्लॅश अंतरपाटाच्या तिच्याकडच्या बाजूवर पडला, तर तिच्या चेहऱ्यावर खालून-समोरून मऊ प्रकाश येतो. पण फ्लॅश थेट मारलात तर जवळचा अंतरपाट पांढराफटक जळतो आणि त्यावरचे कुंकवाचे स्वस्तिक गायब होते. अशा वेळी फ्लॅशचे एक्सपोजर १ स्टॉप खाली ठेवा.

अक्षता पडतानाच्या फोटोंत मोठे पांढरे गोळे येतात. लेन्स साफ आहे. — चोपडा

ते लेन्सजवळून पडणारे तांदूळ आहेत. दाणा फ्लॅशपासून दीड फुटावर आणि चेहरा ६ फुटांवर असेल तर दाण्यावर १६ पट प्रकाश पडतो, आणि तो फोकसबाहेर असल्याने गोळा दिसतो. कॅमेऱ्यावरून थेट फ्लॅश मारू नका. बाउन्स करा किंवा फ्लॅश बाजूच्या स्टँडवर न्या. पाहुण्यांच्या पहिल्या रांगेत उभे न राहता स्टेजच्या बाजूने काढलात तर निम्मा त्रास आपोआप जातो.

स्टेजवर २०-२५ जणांचा ग्रुप. एका बाजूचे गोरे, दुसऱ्या बाजूचे काळवंडलेले. छत्री घ्यावी की सॉफ्टबॉक्स? — चाळीसगाव

ग्रुपला छत्री. सॉफ्टबॉक्स प्रकाश बांधून ठेवतो, छत्री पसरवते, आणि ग्रुपला पसरलेलाच हवा असतो. ४३ इंचांच्या दोन छत्र्या घ्या.

एका बाजूचे काळे पडतात ते अंतरामुळे. छत्री जवळच्या माणसापासून ९ फूट आणि शेवटच्या माणसापासून १५ फूट असेल तर दोघांत जवळपास दीड स्टॉपचा फरक पडतो. तीच छत्री ७ फूट मागे घ्या, म्हणजे १६ आणि २२ फूट. फरक १ स्टॉपच्या आत येतो. दोन छत्र्या दोन बाजूंना लावल्या की उरलेला फरक एकमेकींत भरून निघतो. एकच छत्री असेल तर ती जवळच्या माणसाकडे न रोखता लांबच्या टोकाच्या माणसाकडे रोखा. जवळच्याला तिच्या कडेचा कमी प्रकाश मिळतो आणि हिशेब जुळतो.

छत्रीचा मध्य स्टेजच्या फळीपासून ७-८ फूट वर हवा. स्टँड खाली जमिनीवर असेल आणि स्टेज ३ फूट उंच असेल तर म्हणजे १०-११ फूट. साधा ७ फुटी स्टँड इथे अपुरा पडतो, आणि मग पुढच्यांच्या डोक्यांच्या सावल्या मागच्या रांगेच्या छातीवर पडतात. एफ/५.६, आयएसओ ४००, शटर १/१२५, दोन्ही फ्लॅश १/४ वर, इथून सुरुवात करा. तीन रांगा असतील तर एफ/८ आणि आयएसओ ८००. ग्रुप मागच्या पडद्यापासून ५-६ फूट पुढे आणा, पडद्यावरच्या सावल्या खाली गळून जातील. फ्लॅश मॅन्युअलवरच ठेवा. अंतर बदलत नाही तिथे टीटीएलचे (फ्लॅशची ताकद कॅमेऱ्याने आपोआप ठरवण्याचे) काम नाही. पांढऱ्या सदऱ्या-धोतराचे मामा-काका पुढे आले की टीटीएल फोटो अंधारा करते, आणि काळे कोट आले की जाळते.

स्टँडला वजन बांधल्याशिवाय छत्री उघडू नका. उघडी छत्री म्हणजे शीडच, वाऱ्याची एक झुळूक आली की आडवी. ५ लिटरचा पाण्याचा भरलेला कॅन म्हणजे ५ किलो. तो स्टँडच्या खालच्या तिवईत, जमिनीला जेमतेम टेकेल असा अडकवा. लग्नात पोरे धावत असतात.

एकाच लग्नात दोन फोटोग्राफर असतील तर ट्रिगरचे चॅनेल आधीच वेगळे ठरवा. ऑप्टिकल स्लेव्ह (दुसरा फ्लॅश चमकला की आपोआप उडण्याची सोय) चालू ठेवला तर दुसऱ्याच्या फ्लॅशने तुमचा उडेल, आणि तुमच्या वेळेला तो भरलेला नसेल.

प्रकाशाची जागा बदलली की चित्र बदलते, हे शिकायला तुमच्या गावाइतकी चांगली जागा नाही. छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांनी चाळीसगावातल्या आपल्या बंगल्यात, टेबलावर छोट्या वस्तू मांडून आणि त्यांवर प्रकाश रचून अख्खी दृश्ये उभी केली. त्यांची टेबलटॉप छायाचित्रे तिथे जाऊन पाहा, आणि प्रत्येक चित्रात सावली कुठल्या बाजूला पडली आहे ते शोधा.

घरच्या घरी डिफ्यूझर करता येईल का? दुधाच्या कॅनचा तुकडा, बटर पेपर असे बरेच काही ऐकले आहे. — शहादा

बटर पेपर किंवा दुधाचा कॅन काचेवर चिकटवून काही मिळत नाही. आकार वाढत नाही, उलट उष्णता अडकते. पांढरे कार्ड करा, खर्च नावाला आहे.

स्टेशनरीच्या दुकानात क्राफ्टसाठी मिळते ती पांढरी फोम शीट, २ मिमी जाडीची, ए-४ मापाची. चकाकणारी घेऊ नका. शीट उभी धरून खालच्या कडेच्या मधोमध तुमच्या फ्लॅशच्या डोक्याएवढी रुंदी मोजा, साधारण ३ इंच. तेवढी २ इंच उंचीची जीभ ठेवून दोन्ही बाजूंचे तुकडे कापून टाका. वर उरला तो सुमारे ८ बाय साडेनऊ इंचांचा पडदा. मागच्या बाजूला दोन उभ्या बारीक तारा कापडी टेपने चिकटवा, नाहीतर कार्ड फॅनच्या वाऱ्यात मागे पडते. तारांची टोके दुमडून टेपखाली घ्या, फ्लॅश खांद्याला लागतो तेव्हा टोचतात.

बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबचा इंचभर रुंदीचा गोल तुकडा कापा. तो डोक्यावर चढवून जीभ त्याखाली सरकवा. कार्ड डोक्याच्या मागच्या, म्हणजे तुमच्या बाजूला. डोके सरळ वर आणि कार्ड थोडे पुढे वाकवलेले. छत पांढरे असेल तेव्हा कार्ड जवळजवळ उभे ठेवा, छत नसेल तेव्हा जास्त वाकवा.

करून झाल्यावर रंगाची परीक्षा घ्या. ५५०० केल्विनवर साधा कागद एकदा उघड्या फ्लॅशने आणि एकदा कार्डाने काढा. काही शीट पिवळट असतात, आणि ते नुसत्या डोळ्याला कळत नाही. पिवळी निघाली तर दुसऱ्या दुकानातली आणा, एडिटिंगवर ढकलू नका. मळल्यावर ओल्या फडक्याने पुसा. हळदीचा हात लागला तर मात्र नवीनच कापावी लागते.

चष्म्यावर फ्लॅशचा पांढरा डाग येतो. — यावल

फ्लॅश वर आणि बाजूला न्या, समोरच्याला हनुवटी बोटभर खाली घ्यायला सांगा. चष्म्याच्या काड्या कानामागे किंचित वर उचलल्या तरी काच खाली झुकते आणि डाग निघून जातो. मोठा सॉफ्टबॉक्स इथे उलटा त्रास देतो, कारण त्याचे प्रतिबिंबही मोठे पडते.

अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास लग्नांची रीघ. दुपारी फ्लॅश तापून बंद पडतो. मागच्या वर्षी डोमच्या आतल्या बाजूने काच पिवळी पडली. — भुसावळ

तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, त्यात फ्लॅशची स्वतःची उष्णता. पूर्ण ताकदीने सलग मारलेल्या फ्लॅशने आतली नळी आणि पुढची काच तापते. घट्ट बसणारा डोम किंवा जेल ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही, म्हणून काच पिवळी पडते, पुढे फुगतेही. बऱ्याच फ्लॅशच्या माहितीपुस्तिकेत पूर्ण ताकदीच्या ३० सलग फ्लॅशनंतर १० मिनिटे थांबा असे लिहिलेले असते. ते साध्या हवामानासाठी आहे, भुसावळच्या दुपारसाठी त्याहून कमीच धरा.

आयएसओ ४०० वरून १६०० केला की फ्लॅशचे काम चौथाईवर येते. हा सगळ्यात मोठा आणि फुकटचा उपाय. त्यानंतर दोन फ्लॅश आलटून-पालटून वापरा, दर २०-२५ मिनिटांनी बदला. तापलेला फ्लॅश बॅगेत कोंबू नका, सावलीत उघडा ठेवा. बर्फाच्या पेटीत तर अजिबात नको, आत दव धरते. सेल निकेल-मेटल हायड्राइडचेच, चारही एकाच वेळी घेतलेले आणि एकत्रच चार्ज केलेले. एक जुना सेल तीन नव्यांना मागे ओढतो. काढल्याबरोबर गरम सेल चार्जरला लावू नका, अर्धा तास थंड होऊ द्या.

भर दुपारी उघड्यावर, वरात दारात येते तेव्हा, डिफ्यूझर काढूनच टाका. सूर्य मुळात कडक आहे. तुम्हाला फक्त फेट्याखालची सावली भरायची आहे. आयएसओ १००, शटर १/२००, एफ/११, आणि फ्लॅश दीड स्टॉप खाली. हाय-स्पीड सिंकमध्ये (फ्लॅशला नेहमी चालतो त्याहून वेगवान शटर वापरण्याच्या सोयीत) जाऊ नका, तिथे फ्लॅशची ताकद खूप घटते आणि तापणेही वाढते.

काठी गावच्या होळीला जायचे आहे. रात्रभर नाच असतो, जाळ पहाटे. डिफ्यूझर कोणता न्यावा? — नंदुरबार

मोठे काही नेऊ नका. गर्दीत छत्री उघडणे नाचणाऱ्यांच्या पायांत येण्यासारखे आहे. छोटा सॉफ्टबॉक्स, त्याच्या आत पूर्ण नारिंगी जेल आणि ट्रिगर. फ्लॅश डाव्या हातात, हात लांब करून वर धरायचा. व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विन, आयएसओ ३२००, एफ/२.८, शटर १/३०, फ्लॅश १/३२ आणि रिअर सिंक (शटर मिटण्याच्या आधी शेवटी फ्लॅश). यात नाचाची वेगाची रेघ मागे राहते आणि शेवटच्या क्षणी चेहरा पक्का होतो. जेल पाऊण स्टॉप प्रकाश खाते, ते धरून चाला.

अक्कलकुवा तालुक्यातली ही होळी सातपुड्यातल्या लोकांचा सण आहे, आणि सजून नाचणाऱ्यांतले कित्येक जण नवस फेडायला आलेले असतात. आधी नजरेने विचारा. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांत पाच फुटांवरून पुन्हा पुन्हा फ्लॅश मारला तर माणूस अडखळतो. तीन-चार फोटो नीट घ्या आणि फ्लॅश बंद करा. पहाटे होळी पेटल्यावर तर फ्लॅश लागतच नाही.

श्रावणात कानबाईच्या फोटोंना बोलावतात. देवीचा मुखवटा, कलश, दागिने, सगळे चकचकीत. फ्लॅश मारला की मुखवट्यावर पांढरा डाग, आणि दिवे विझल्यासारखे दिसतात. बायका म्हणतात, आमची कानबाई अशी दिसत नाही. — रावेर

बायकांचे म्हणणे बरोबर आहे. त्यांनी रात्रभर जागून ती दिव्यांच्या उजेडात पाहिलेली असते.

घासलेले पितळ किंवा चांदी म्हणजे आरसा. आरशावर प्रकाश टाकता येत नाही, त्यात दिव्याचे प्रतिबिंब दिसते. प्रतिबिंब लहान आणि प्रखर असले की डाग. तेच मोठे आणि पांढरे असले की धातूवर एक लांब मऊ झळाळी उतरते, गोलाई कळते, नाक-डोळे उठून दिसतात. तेव्हा त्या आरशाला दाखवायला काहीतरी मोठे पांढरे हवे, आणि ते घरातच असते. पांढरी धुतलेली चादर मागा, ५ बाय ७ फुटांची. दोघांना ती चौरंगाच्या एका बाजूला, ३-४ फुटांवर ताणून उभी धरायला सांगा. चादर ज्योतींपासून लांब असावी. फ्लॅश देवीकडे न रोखता चादरीवर मारा, ४ फुटांवरून, झूम २४ मिमी. चादरीला निळीचा हात जास्त लागलेला असेल तर फोटो किंचित निळा येतो, तेव्हा आधी एक चाचणी घ्या. मुखवट्यात तुमचे स्वतःचे गडद प्रतिबिंब दिसत असेल तर कॅमेरा थोडा बाजूला सरकवा आणि अंगात फिका सदरा घाला.

दिव्यांसाठी आधी फ्लॅश बंद. खोलीतली ट्यूबही बंद करायला सांगा. कॅमेरा तिवईवर किंवा चौरंगाच्या उंचीच्या डब्यावर टेकवा. आयएसओ ८००, एफ/४ आणि शटर १/१५ पासून सुरुवात करून ज्योतीचा आकार दिसेल आणि मागची भिंत तांबूस उजळेल इथपर्यंत आणा. आता फ्लॅशवर नारिंगी जेल लावा, चादरीवर १/६४ ने सुरुवात करा आणि एकेक पायरी वाढवा. मुखवट्याचे डोळे स्पष्ट झाले आणि ज्योत अजून पिवळीच आहे, त्या पायरीवर थांबा. पंखा बंद आहे ना, तेही पाहून घ्या; १/१५ ला ज्योत हलली की तिचा नुसता डाग उरतो.